पाहुणे, पण किती वर्षे?

थायलंडमध्ये म्हातारपण काढायचे तर वय 50 हवे आणि बँकेत 8 लाख बाट. मग दरवर्षी मुदतवाढ घ्या नि समुद्र बघत बसा. दीर्घ मुदतीचे परदेशी पाहुणे आमच्या नागपुरात, जरीपटक्यातही आहेत. समुद्र तेवढा नाही, उन्हाळ्यात पारा 45 वर जातो. आणि ही सिंधी हिंदू मंडळी मजेसाठी नव्हे, जीव मुठीत धरून पाकिस्तानातल्या सिंधमधून आलेली.

अशांना नागरिकत्व देणारा दुरुस्ती कायदा 2019 ला झाला. नियम? ते 11 मार्च 2024 ला आले. घाई नको, पाहुणे कुठे पळून जातात! शिवाय अट अशी की 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेलाच पात्र. म्हणजे 1 जानेवारी 2015 ला वाघा ओलांडणारा या कायद्याच्या लेखी बहुधा सहलीला आला असावा. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर पाकिस्तान्यांचे व्हिसे रद्द झाले, तेव्हा हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसे शाबूत आहेत, असा खुलासा करावा लागला. सप्टेंबर 2025 मध्ये सरकारने आणखी उदार होऊन 31 डिसेंबर 2024 पर्यंत आलेल्यांना कागदांअभावी होणाऱ्या कारवाईतून सूट दिली. नागरिकत्वाची तारीख मात्र 2014 चीच राहिली.