आमचे एक्स्पोर्टकाका

भोसरी एमआयडीसीत दुपारी चारच्या सुमाराला कुठल्याही चहाच्या टपरीपाशी उभे राहा, एक्स्पोर्टकाका भेटतातच. मोठ्या कंपनीच्या निर्यात विभागातून रिटायर झालेले, खिशाला दोन पेनं, पाठीला सॅक आणि सॅकमध्ये पाच मीटरची टेप. खरं नाव व्हिजिटिंग कार्डावर आहे, पण ते कोणी वाचत नाही. सांडपाणी शुद्ध करणारी, धूर गाळणारी, ओल्या कचऱ्याचं खत करणारी यंत्रं बनवणारे जे छोटे कारखानदार आहेत, त्यांचा माल समुद्रापार धाडणं हा काकांचा निवृत्तीनंतरचा उद्योग.

माझ्या मेव्हण्याचा तिथे गाळा आहे. सोसायट्या आणि हॉटेलांसाठी तो तयार एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारे प्लांट, बनवतो. सौदीतल्या एका ठेकेदाराची चौकशी आली, मेव्हण्याने हौसेने काकांना बोलावलं आणि त्या दिवसापासून त्याच्या घरात जेवणाच्या ताटावरही निर्यात सुरू झाली.

काकांनी आधी ब्रोशर मागितलं. मुखपृष्ठावर ओंजळीत पृथ्वी, पृथ्वीतून उगवलेलं हिरवं पान, पानावर थेंब. काका बराच वेळ बघत राहिले. "तुम्हा सगळ्यांना हे पान एकच माणूस पुरवतो का रे?" मग आतला प्रत्येक 'वर्ल्ड क्लास' त्यांनी लाल पेनाने खोडला. "रोज किती हजार लिटर, वीज किती युनिट, जागा किती, बाहेर येणाऱ्या पाण्याचा बीओडी किती. एवढं लिही. पान राहू दे, छपाईचे पैसे गेलेच आहेत."

त्यांचा खरा राग दोन शब्दांवर: 'होऊन जाईल.' मेव्हणा सवयीने प्रत्येक प्रश्नाला हेच उत्तर द्यायचा. पॅनेलवर अरबी पाट्या? होऊन जाईल. ड्रॉइंग? होऊन जाईल. काका डोळे मिटून घ्यायचे. "होऊन जाईल म्हणजे कोण करणार, कधी करणार, ते सांग. हे दोन शब्द न्हावाशेवा बंदराच्या पलीकडे चालत नाहीत."

वेळेचाही एक घोळ होता. गुरुवारी भोसरीला सुट्टी, शुक्रवार-शनिवार सौदीला सुट्टी, रविवारी सौदी उघडी तर आमची बँक बंद. म्हणजे सगळे जागेवर असण्याचे वार उरले तीन. काकांनी गुरुवारी कारखाना उघडायला लावला. कामगारांनी काकांकडे कसं पाहिलं ते इथे लिहीत नाही.

यंत्र तयार झालं. ब्लोअर झकास चालला, टाकीत बुडबुडे उसळले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका मोटरच्या नेमप्लेटपाशी उकिडवे बसले होते. "पन्नास हर्ट्झ," ते म्हणाले. "सौदीत साठ. तिथे ही मोटर वीस टक्के जोरात पळेल, ब्लोअरला ओढता ओढता गरम होईल आणि जळेल. मग तो म्हणेल, इंडियन माल." मोटर बदलली.

पण कहर टाकीने केला. दणदणीत गोल टाकी, व्यास दोन मीटर चाळीस. रंग वाळत होता. काकांनी टेप काढली, आडवी धरली, पुन्हा धरली आणि शांतपणे विचारलं, "ही कंटेनरमध्ये जाणार कुठून?"

"दारातून, काका."

"दार दोन मीटर चौतीस आहे."

मेव्हण्याने मोठा कंटेनर घेऊ म्हटलं. हाय क्यूब घेतला तर दार उंचीला वाढतं, रुंदीला नाही, हे काकांनी त्याला गाळ्याच्या शटरवर खडूने काढून दाखवलं. सहा सेंटीमीटरपायी नवी टाकी बनली. खडूची ती चौकट आजही शटरवर आहे. नवीन पोरगा कामाला लागला की त्याला आधी तिथे उभं करतात.

या माणसाबरोबर चहाला जाणंही सोपं नाही. एकदा आम्ही त्यांना कोथरूडच्या एका कॅफेत नेलं. तिथली बाकं जुन्या पॅलेटच्या फळ्यांची. काका बसता बसता थांबले, वाकले, चष्मा कपाळावर चढवून फळीवरचा गव्हाच्या ओंबीचा शिक्का वाचू लागले. परदेशी जाणाऱ्या लाकडी पेटीतून कीड जाऊ नये म्हणून लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर अर्धा तास तापवतात आणि 'एचटी' असा शिक्का मारतात. इथे होतं 'एमबी'. "मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं लाकूड," काका म्हणाले. "आणि यावर लोक सँडविच खातात?" आम्ही उभ्याने कॉफी प्यायलो.

काका नोकरीत असताना कितीदा तरी परदेशी गेले. म्युनिकला दर दोन वर्षांनी पाणी आणि कचऱ्याच्या यंत्रांचं ईफाट नावाचं अवाढव्य प्रदर्शन भरतं, तिथे तर नेमाने. पण म्युनिक कसं आहे विचारलं तर सांगतात, "हॉलमध्ये कार्पेट चांगलं असतं." स्टॉलवर भाकरवडीची बशी ठेवायची ही त्यांची युक्ती. खाणारा निदान दोन मिनिटं थांबतो, आणि तोंड भरलेलं असल्यामुळे ऐकूनही घेतो.

शेवटी कागदपत्रं. बँकेच्या पतपत्रावर, म्हणजे एलसीवर, मालाचं नाव 'वेस्टवॉटर ट्रीटमेंट युनिट', मेव्हण्याच्या इन्व्हॉइसवर नुसतं 'एसटीपी'. "यंत्र बघून बँक पैसे देत नाही, कागद बघून देते," असं म्हणत काकांनी रात्री साडेदहाला सगळा संच पुन्हा टाइप करून घेतला. वहिनींनी दोनदा पिठलं गरम केलं.

कंटेनर निघाला तेव्हा आम्ही नारळ फोडत होतो आणि काका सीलच्या नंबरचा फोटो काढत होते. यंत्र बसवायला मेव्हणा स्वतः निघाला होता; काकांनी त्याला थांबवलं आणि फिटरला पाठवलं. फिटर बिचारा हादरला. "काका, मला इंग्लिश येत नाही."

"उत्तम. जास्तीचं काही कबूल करणार नाहीस."

तिथे पहिल्या दिवशी पाणी काळंच आलं. ठेकेदार भडकला. हे यंत्र जिवाणूंवर चालतं, ते वाढायला दोन-तीन आठवडे लागतात, हे त्याला माहीत नव्हतं. फिटरने फोन करून विचारलं, "आपल्याकडे शेण घालतो सुरुवातीला. इथे कुठून आणू?" काकांनी ठेकेदारालाच फोनवर घेतलं आणि गावातल्या चालू प्लांटमधला गाळ टँकरने आणवून टाकीत घालायला लावला. तिसऱ्या आठवड्यात फिटरने फोटो पाठवला: काचेच्या ग्लासात नितळ पाणी, मागे ठेकेदाराचा अंगठा.

दुसरी ऑर्डर आली तेव्हा मेव्हणा पेढे घेऊन काकांना शोधत निघाला. काका शेजारच्या गाळ्यात सापडले. तिथल्या कंपोस्ट मशीनवाल्याला ते विचारत होते, तिकडच्या कचऱ्यात पोळीचे तुकडे नसतात, मग काय असतं ते कधी पाहिलंस का. मेव्हण्याने पेढा दिला, पाया पडला आणि म्हणाला, "काका, एवढं केलंत, तुमचं बिल मात्र अजून आलं नाही. केव्हा पाठवताय?"

काकांनी पेढा गालात सरकवला, मशीनच्या दाराला टेप लावली आणि मान वर न करता म्हणाले,

"होऊन जाईल रे."