लिव्हिंग्स्टन डॉक्टर आणि तो मेला सिंह

अहो वहिनी, ऐकलंत का? जरा कुंपणाजवळ या ना, मोठ्याने बोलायची सोय नाही. आपले लिव्हिंग्स्टन डॉक्टर हो! आफ्रिका आडवी चालून आलेले. मिशनरी माणूस, पडेल स्वभावाचा असेल, असंच वाटत होतं की नाही? मग मरेसाहेबांना लिहिलेली त्यांची पत्रं वाचा. अगबाई!

मरे म्हणजे लंडनचे प्रकाशक, अल्बमार्ल स्ट्रीटवाले. कवी बायरनच्या आठवणींचं हस्तलिखित शेकोटीत घातलं, तेच घर. ते मरेंच्या वडिलांच्या वेळी हो, आणि त्या दिवशी तिथं कोण काय बोललं ते… जाऊ दे, तो विषय वेगळाच. तर काय सांगत होते, १८५७ साल. डॉक्टर सोळा वर्षांनी आफ्रिकेतून परतलेले. मरेंनी पुस्तक मागितलं आणि डील काय, तर नफ्याचे दोन हिस्से डॉक्टरांचे, एक मरेंचा! कोण देतं हो असं?

पण मरेंनी ते लिखाण भाषा सुधारायला दिलं एका शहाण्याकडे. त्याने काय केलं, आमटीत पाणी घालावं तशी वाक्यं पातळ केली. डॉक्टर असे भडकले! मे महिन्यात पत्र गेलं की माझ्या वाक्यांना हात लावायचा याला अधिकार काय, हे असलं मुळमुळीत माझ्या नावावर खपवून घेणार नाही. मरेंचं तोंड काय झालं असेल, तुम्हीच कल्पना करा.

आणि खरी गंमत पुढेच. १८४४ मध्ये आफ्रिकेत माबोत्साला सिंहाने डॉक्टरांचा डावा हात चावून मोडला होता ना? मेबाल्वे मास्तर बंदूक घेऊन आडवे आले म्हणून वाचले. मग सिंह मास्तरांच्याच मांडीला चावला, बिचारे! त्या प्रसंगाचं चित्र काढलं वुल्फ यांनी. प्राण्यांच्या चित्रांत केवढं नाव त्यांचं! डॉक्टरांनी मात्र मरेंना कळवलं, चित्र भयंकर आहे, हात जोडतो, काढून टाका, सिंह पाहिलेला माणूस हसून हसून मरेल.

मग काढलं? छे! दिमाखात छापलं. आणि १२,००० प्रती दुकानात यायच्या आधीच खपल्या, एकेक गिनीला! कोण कशाला ऐकतंय मग?

तो हात कधी नीट जुळलाच नाही हो. डॉक्टर गेल्यावर १८७४ मध्ये त्यांचा देह लंडनला आला, तेव्हा त्याच हाडावरून ओळख पटवली. सोबत आला होता जेकब वेनराइट, आपल्या नाशिकच्या मिशन शाळेतला मुलगा. आहे ठाऊक कुणाला इथं? नाव नको काढायला.

मला विचाराल तर चूक मरेंचीच. सिंहाने चावलं कुणाला, डॉक्टरांना की वुल्फना? लायब्ररीत ते पुस्तक मिळालं, तर आधी ते चित्र शोधा आणि तुम्हाला काय वाटतं ते सांगा मला. पण कुंपणाशी येऊनच हं, फोनवर नको.