बोर्डाचं नाव सांगा

सोलापूरहून अक्कलकोटला निघालं की वाटेत वळसंग लागतं. इथल्या माणसाला कॉम्प्युटरसाठी रॅम घ्यायची असेल तर दोन रस्ते आहेत. एक, एसटीत बसून सरळ सोलापूरची नवी पेठ गाठायची. दोन, आधी अण्णांना विचारायचं. पहिल्या रस्त्याने गेलेले दुसऱ्या दिवशी दुसऱ्या रस्त्याला लागतात. हातात फोडलेलं पाकीट असतं आणि तोंड उतरलेलं असतं.

अण्णा म्हणजे कुणी एक माणूस नव्हे, गावोगावी आढळणारा नमुना आहे. वळसंगचा मी दाखवतो, तुमच्या गावचा तुम्ही ओळखालच. अण्णांचं दुकान नाही, डिग्री नाही. लोक जिथं पेन लावतात त्या खिशात त्यांचा स्टार स्क्रू-ड्रायव्हर असतो आणि शेजारी पांढरं खोडरबर. आकडे ते मराठीत सांगतात, स्टिकर इंग्रजीत वाचतात आणि शिवी द्यायची वेळ आली की कन्नडमध्ये शिरतात. फी एक चहा. तो मागत नाहीत. फक्त चहा येईपर्यंत कॅबिनेटचा शेवटचा स्क्रू निघत नाही.

त्यांच्याकडचा संवाद ठरलेला आहे.

"अण्णा, आठ जीबी रॅम पाहिजे."

"बोर्डाचं नाव काय?"

"एचपी."

"ते मॉनिटरवर लिहिलंय बे. आतल्या बोर्डाचं सांग."

इथं पोरगं गप्प होतं. कॉम्प्युटरला आत काही असतं ही बातमी त्याला नवीन असते. मग अण्णा त्याला घरी पिटाळतात: झाकण उघड, मदरबोर्डवर मोठ्या अक्षरात नाव छापलंय त्याचा फोटो काढ, जुन्या रॅमच्या स्टिकरचाही काढ. एका पठ्ठ्याने फोटोसोबत पालीच्या अंड्यांचीही खबर आणली. अण्णांनी ती नोंदवून घेतली आणि म्हणाले, "म्हणजे पंखा बंद आहे. आधी तो बदल."

फोटो आला की रॅमच्या पिढ्यांचं कीर्तन सुरू. डीडीआर-थ्री 2007 चं, दीड व्होल्टवर चालणारं, 240 पिनांचं. डीडीआर-फोर 1.2 व्होल्टचं. 2020 साली मानक ठरलेलं डीडीआर-फाइव्ह 1.1 व्होल्टचं. फोर आणि फाइव्ह दोघांच्याही पिना 288, पण मधली खाच वेगळ्या जागी. "कंपनीनं खाच का सरकवली? तुझ्यासारख्यानं दाबून बसवू नये म्हणून," असं अण्णा समोरच्याला सांगतात, आणि तो हमखास दाबून बसवून आलेला असतो. एकाने तर खाच जुळेना म्हणून कानस चालवली होती. त्या दिवशी अण्णांचं कन्नड बराच वेळ चाललं.

गिऱ्हाइकांचे प्रकार त्यांना पाठ आहेत. एक स्वस्तवाले: ऑनलाइन आठ जीबीची डीडीआर-थ्री पाव किमतीत मिळाली म्हणून नाचत येतात. अण्णा बारीक अक्षरातली ओळ बोटाने दाखवतात, 'फक्त एएमडी बोर्डासाठी'. यांच्या घरी इंटेलचा एच-61. दुसरे घाईवाले: लॅपटॉपची आखूड रॅम डेस्कटॉपला आणतात. "मालक, अर्धीच आलीय. उरलेली मागून घ्या." तिसरे उदार: निवृत्त गुरुजींनी आठ जीबी बसवली, पण विंडोज 32 बिटचं, ते चारच्या वर मोजायला तयार नाही. गुरुजींना हा गणिताचा अपमान वाटला. चौथे सर्व्हरवाले: भंगारातून मोठ्या सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम आणतात, घरगुती बोर्ड तिला ओळखही दाखवत नाही.

पाचवा फोटो स्टुडिओवाला, लग्नसराईत येणारा. याने 2666 वेगाच्या रॅमच्या जोडीला 3200 ची टाकलेली, तरी अल्बम काही पळेना. अण्णा म्हणाले, "पंक्तीत एक जण सावकाश जेवणारा असला की पंगत त्याच्यासाठी थांबते. दोन्ही 2666 नेच चालणार." शिवाय दोन्ही शेजारी-शेजारी खोचलेल्या. बहुतेक चार स्लॉटच्या बोर्डांवर जोडी प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायची असते, तेव्हा दोन्ही चॅनल चालतात. अण्णांनी एक रॅम उचलून पलीकडे लावली, फुकट, आणि स्टुडिओवाल्याला वाटलं नवीन मशीन आलं.

पण अण्णांची खरी करामत खोडरबराची. पडदा काळा, कॅबिनेट नुसतं पीप-पीप करतंय, मालक नवीन रॅमच्या पैशाची जुळवाजुळव करतोय. अण्णा आधी वायर काढतात, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली वीज उतरवतात, रॅम काढून तिच्या सोनेरी पिना खोडरबराने घासतात, फुंकर न मारता ब्रशने झटकतात आणि टक असा आवाज येईपर्यंत बसवतात. मशीन सुरू. मालक खुश, अण्णा थोडे नाराज, कारण कीर्तनाची संधी गेली.

आता अण्णांचं स्वतःचं मशीन. जी-31 चा बोर्ड, डीडीआर-टूची दोन जीबी. बटण दाबून ते आंघोळीला जातात. देवपूजा आटोपली की माउस हलायला लागतो. नवीन का घेत नाही? "भाव उतरू दे." डीडीआर-थ्रीचा भाव उतरला तेव्हा फोर येणार होतं, फोरचा उतरला तेव्हा फाइव्ह येणार होतं. मग 2025 च्या अखेरीला एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीच्या चिपा उचलायला सुरुवात केली आणि दुकानातल्या रॅमचे भाव भडकले. डिसेंबरात मायक्रॉनने क्रुशियल हा आपला किरकोळ ग्राहकांचा व्यवसाय गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. अण्णांनी हे चहाच्या टपरीवर घरातली दुःखद वार्ता सांगावी तसं सांगितलं. घरातल्या अक्का मात्र एवढंच म्हणाल्या, "बरं झालं, आता विषय मिटला."

अण्णांची थट्टा करणं सोपं आहे. पण गावातले किती पैसे त्यांनी वाचवले याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही, आणि तो ठेवण्याइतकी मेमरी त्यांच्याच मशीनमध्ये नाही.

तेव्हा तुमच्या गावात अण्णा नसतील तर रॅम घ्यायला निघण्याआधी एवढं करा. बोर्डाचं नाव, डीडीआर कितवा, स्लॉट किती मोकळे आणि बोर्डाला जास्तीत जास्त किती जीबी चालते, हे कागदावर लिहून न्या. दोन घ्यायच्या तर एकाच पाकिटातली जोडी घ्या. आणि दुकानदार "बसतंय की मालक, बिनधास्त न्या" म्हणाला, तर न बसल्यास बदलून देईन, हे त्याच्याकडून बिलावर लिहून घ्या.