तिसरी गाठ

पहाटे बिबवेवाडीच्या आधी जागं होतं ते शेजारचं मार्केट यार्ड. भाजीचे टेम्पो आणि हमालांच्या हाका सुरू असतानाच फजरची अजान होते. नमाज झोपेपेक्षा बरी, हे त्या एकाच अजानेत मुद्दाम सांगतात. जूनमध्ये पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, त्याआधी फजर पढायची. जानेवारीत तो सातनंतर उगवतो खरा, पण तेव्हा गोधडी सुटत नाही.

बुखारींच्या संग्रहात एक हदीस आहे. माणूस झोपला की सैतान त्याच्या मानेमागे तीन गाठी मारतो. उठून अल्लाहचं नाव घेतलं की पहिली सुटते, वजू केला की दुसरी, नमाज पढली की तिसरी. नाही सुटल्या तर माणूस आळसावलेला आणि चिडका उठतो. नमाज चुकवण्यावर धाक घालणारी बयानं पुष्कळ ऐकली. मला हेच निदान पटतं, कारण घरच्यांना ते पडताळून पाहता येतं. चहा गोड नाही, मोजे सापडत नाहीत, लिफ्टमधल्या शेजाऱ्याचं हसणंही खुपतं. बायको तोंडाकडे बघूनच विचारते, "आज फजर कजा झाली वाटतं?"

ठरवून नमाज सोडणारा विरळाच. ती नुसती पुढं ढकलली जाते. जोहरला मीटिंग, असरला चहा, मगरिबला गंगाधाम चौकातली कोंडी. मोबाइलमधली अजान आठवडाभर माणसाला उठवते, पुढच्या आठवड्यात माणूस तिला गप्प करतो. उधारी तुंबलेला गिऱ्हाईक दुकानासमोरून जाणं टाळतो, तसा मग तो मशिदीचा रस्ता टाळू लागतो. पहिली चुकलेली नमाज दिवसभर सलते, पन्नासावी सलतच नाही. हे न सलणं मला सगळ्यात वाईट वाटतं.

पण नेमानं पढणाऱ्यांनीही फार ऐटीत राहू नये. कुरआनाच्या 107व्या सूरेतली ताकीद अशा नमाजींनाच आहे, जे नमाजेबाबत गाफील असतात, दिखावा करतात आणि साधी वापरायची वस्तूही कुणाला देत नाहीत. सोसायटीत कुणी शिडी मागितली तर द्यावी.

दिवसभरात फर्ज अवघ्या 17 रकात. झोपेत किंवा विसरून नमाज राहिली, तर आठवताच अदा करायची, एवढीच भरपाई. आज मगरिब राहिली असेल तर इशाआधी पढून घ्या. तीन रकातींना पाच मिनिटं लागतात.