चार मते, चार गुण

बारावीच्या इंग्रजी लेखी परीक्षेत गटचर्चा हा प्रश्नप्रकार आता चांगलाच रुळला असून त्याचे स्वरूप असे, की परीक्षार्थी बाकावर एकटा बसतो, आपल्यासोबत आणखी तीन विद्यार्थी आहेत अशी कल्पना करतो आणि समाजमाध्यमांचे परिणाम यांसारख्या विषयावर चौघांचीही मते स्वतःच लिहून काढतो. शेजारच्या बाकावर हाडामासाचा विद्यार्थी असतो. पण त्याचे मत विचारल्यास ती कॉपी ठरते.

गुणदानाची योजनाही सुटसुटीत आहे. प्रश्न चार गुणांचा आणि सहभागी चार, म्हणजे मताचा भाव नगाला एक गुण असा पडतो. मत काय आहे याला महत्त्व नसून ते कोणत्या शब्दांनी उघडते याला आहे. ‘इन माय ओपिनियन’, ‘आय स्ट्राँगली बिलीव्ह’ ही मतदर्शक पदे, म्हणजे मागून मत येत असल्याची वर्दी देणारे शब्द, आणि ‘व्हाय डोन्ट वी’, ‘हाउ अबाउट’ ही सूचनादर्शक पदे, म्हणजे हुकूम न सोडता काम सुचवणारे शब्द, गाईडात चौकटीत छापलेली असतात आणि शिकवणीवर्गात पाढ्यांच्या चालीवर घोकून घेतली जातात. ‘हाउ अबाउट’च्या पुढील क्रियापदाला ‘इंग’ लावावे आणि ‘व्हाय डोन्ट वी’च्या पुढील क्रियापदाला लावू नये, एवढे पथ्य पाळले की सूचना निर्दोष होते, मग ती महाविद्यालयाला आग लावण्याची का असेना.

या चौघांतील तिसरा सहभागी विशेष अभ्यासास पात्र आहे. पहिला विषयाची व्याख्या सांगतो, दुसरा त्याला दुजोरा देतो आणि चौथ्याकडे प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात हे जाहीर करून चर्चा मिटवण्याचे काम असते. त्यामुळे विरोधाचा सगळा भार एकट्या तिसऱ्यावर येतो. तो ‘आय रिस्पेक्ट युअर व्ह्यू, बट’ असे म्हणून उभा राहतो, एका वाक्यात असहमत होतो आणि खाली बसतो. त्याला कोणी मध्येच तोडत नाही, त्याचा आवाज चढत नाही, त्याला पुरावा मागितला जात नाही, आणि त्याचे म्हणणे खोडूनही काढले जात नाही, कारण चौथा नाणे घेऊन तयारच असतो. ज्यांच्याशी त्याचे मतभेद आहेत त्यांचे आणि त्याचे हस्ताक्षर एकच असते, शाई एकच असते, आणि ‘बिलीव्ह’चे स्पेलिंगही चौघेजण एकमताने चुकतात. जगाच्या पाठीवर इतका सभ्य विरोधक अन्यत्र आढळत नाही, आणि असा विरोधक प्रत्येक सत्ताधाऱ्याला हवा असल्यामुळे त्याची पैदास परीक्षागृहांतून घाऊक प्रमाणात होत असेल, तर त्यात नवल वाटण्याचे कारण नाही.

नवल वेगळ्याच गोष्टीचे वाटते. ज्या मुलाकडून असहमतीची ही सूत्रे तोंडपाठ करून घेतली जातात, त्याला विज्ञान शाखेत घालताना त्याचे मत कोणी विचारलेले नसते; वर्गात त्याने फळ्यावरच्या उत्तराबद्दल शंका काढली तर ‘फार शहाणा झालास’ हे ऐकून तो बसतो; आणि घरी थोरल्यांच्या बोलण्यात त्याने तोंड घातले तर लहान तोंडी मोठा घास घेतल्याचा ठपका त्याच्यावर येतो. हीच माणसे मग मुलाखतीत तो अडखळला म्हणून त्याच्या इंग्रजीला दोष देतात आणि नव्या शिकवणीची फी भरतात. ज्याला कोणत्याही भाषेत बोलू दिले नाही, तो इंग्रजीत कसा बोलणार, हे या शुंभांना कोणी सांगायचे? व्याकरण बिघडलेले नाही. ज्या तोंडाने ते बोलायचे त्यावर सतरा वर्षे हात दाबून धरलेला आहे.

अठरा वर्षे पूर्ण होऊन मतदारयादीत नाव आले, की गावातला हाच मुलगा ग्रामसभेचा, म्हणजे गावातील सर्व मतदारांच्या सभेचा, कायद्याने सदस्य होतो. महाराष्ट्राच्या १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमाखाली अशा सभा वर्षातून किमान चार घ्याव्या लागतात आणि गणपूर्तीला, म्हणजे सभा वैध ठरण्यास आवश्यक अशा उपस्थितीला, १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते. तेवढीही माणसे जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच उरत नाही. तेथे ठरावाला एक सूचक लागतो, म्हणजे तो मांडणारा, आणि एक अनुमोदक लागतो, म्हणजे त्याला पाठिंबा देणारा. गळक्या टाकीविषयी ‘व्हाय डोन्ट वी’ म्हणण्याची ही हक्काची जागा असून मुलगा तेथे गेलाच, तर बहुधा असे आढळते की सूचकाचे नाव लिहून झाले आहे, अनुमोदकाचेही झाले आहे, ठराव सर्वानुमते मंजूर आहे, आणि त्याने फक्त हजेरीच्या रकान्यात सही करावयाची आहे.