शेतातून थेट घशात

आमच्या घरात भाजी आणण्याचं खातं बायकोकडे आणि भाजीवर बोलण्याचं माझ्याकडे, अशी वर्षानुवर्षं सुखाची वाटणी होती. गेल्या उन्हाळ्यात मी ती मोडली. एका रविवारी नाश्त्याला जाहीर केलं, की यापुढे या घरात फक्त स्थानिक आणि हंगामी भाजी येईल, आणि तीही थेट शेतातून. मुलुंडच्या आमच्या मार्केटात फ्लॉवर बारा महिने मिळतो, हे मला एकाएकी फार संशयास्पद वाटू लागलं होतं. बायको 'बरं' म्हणाली आणि तिने नुकताच आणलेला फ्लॉवर फ्रिजमध्ये आतल्या बाजूला सरकवला.

स्थानिक म्हणजे कुठलं, याचा मी नकाशा पसरून अभ्यास केला. २०१४ साली पालघर वेगळा निघाल्यावर ठाणे जिल्ह्याकडे जो खेड्यापाड्यांचा मुलूख उरला, त्यात शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके ठळक दिसतात. शहापूर तर आमचं जुनं ऋणानुबंधी. तानसा धरण तिथलं, भातसा तिथलं. तानसाचं पाणी मुंबईला १८९२ पासून येतंय. म्हणजे पाणी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या थेट उगमावरूनच घेत होतो. भाजी तेवढी राहून गेली होती. (त्याच शहापुरातल्या पाड्यांवर मे महिन्यात टँकरची वाट बघतात, ही बातमी मी दरवर्षी वाचतो आणि दरवर्षी शॉवरखाली उभा राहून हळहळतो.)

पहिली मोहीम मुरबाडची. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या काकांची टोकावड्याच्या बाजूला शेती होती. कल्याणहून मुरबाडची एसटी, पुढे वडाप, आणि माझ्याजवळ घडी घातलेल्या भरपूर कापडी पिशव्या. महिना मे. खिडकीतून माळशेजचे डोंगर दिसत होते आणि मनात मी भेंडी, गवार, दुधी यांचं वजन करत होतो.

काकांनी बांधावर नेलं. समोर राख होती. भेंडी नाही, गवार नाही, काळ्याभोर राखेचे चौकोन आणि भोवती भेगाळलेली कोरडी खाचरं. आग लागली असणार, असं समजून मी चेहरा लांब केला आणि 'विमा वगैरे?' असं विचारलं.

"राब हाय तो साहेब," काका म्हणाले. "भाजून ठेवलाय."

मग त्यांनी समजावलं. झाडाच्या फांद्या, पालापाचोळा, शेण यांचा थर देऊन जमिनीचा तेवढा तुकडा भाजतात. तणाचं बी जळतं, राखेचं खत होतं, आणि पाऊस आला की त्या तुकड्यात भाताचं बी टाकून रोपं काढतात. रोपं तयार झाली की जुलैमध्ये खाचरात लावणी. म्हणजे या शेतातलं काही माझ्या ताटात यायला दिवाळी उजाडणार होती, आणि तेही भात म्हणून.

"आणि भेंडी?" मी चिकाटी सोडली नाही. मुरबाड-शहापूरची भेंडी नावाजलेली, हे मी वाचून गेलो होतो.

"भेंडी हिवाळ्यात लावतो. संपली आता. आणि चांगली असते तवा आमाला तरी कुठं मिळते? ती विमानानं जाते."

मला पहिल्यांदाच दलालाबद्दल आदर वाटला. मी दोन वाहनं बदलून जिथे पोचलो, तिथली भेंडी माझ्याआधीच आखातात पोचली होती.

काकूंनी आग्रहाने जेवायला बसवलं. ताटात तांदळाची भाकरी, सुकट आणि बटाट्याची रस्साभाजी. बटाटा कुठला, म्हणून मी आशेने विचारलं. "मुरबाडच्या बाजारातला. घाटावरनं येतो," काकू म्हणाल्या. भाकरी मात्र घरच्या तांदळाची होती आणि मी ती लाज वाटेपर्यंत खाल्ली. निघताना पाहुण्याच्या पिशव्या रिकाम्या जाऊ नयेत म्हणून त्यांनी एकीत कैऱ्या घातल्या आणि दुसरीत पावसाळ्यासाठी भरून ठेवलेल्यातली सुकट. घरी बायकोने पिशवी हुंगली.

"थेट शेतातून?"

मी कैऱ्या पुढे केल्या.

काका निरोप देताना एक गोष्ट बोलले होते: "आमचं ऐका, पाऊस पडू द्या. मग रानात बघा काय काय येतं. शेवळं खाऊन बघा." रान! शेतापेक्षाही थेट. खत नाही, फवारणी नाही, पेरणाराच नाही. मधल्या दलालाला वगळता वगळता मी शेतकऱ्यालाही वगळलं होतं.

जूनच्या पहिल्या सरी झाल्या आणि मी सकाळची आसनगाव लोकल पकडली. स्टेशनाबाहेर, शहापूरकडे जाणाऱ्या रिक्षांच्या गर्दीला लागूनच, आसपासच्या पाड्यांवरच्या ठाकर आणि कातकरी बायका सागाच्या पानांवर वाटे मांडून बसल्या होत्या. शेवळं ओळखायला मला शिकवावं लागलं नाही, कारण त्यांच्यासारखं दुसरं काही तिथे नव्हतंच. पान नाही, फांदी नाही. जमिनीतून मिटलेली छत्री वर यावी तसा जांभळट-तपकिरी दांडा. अशा दांड्यांच्या जुड्या बांधलेल्या.

भाव मी केला. करायला नको होता, पण थेट खरेदीत घासाघीस केली नाही तर आपण पर्यटक ठरतो, अशी माझी समजूत होती. मावशीने पाच रुपये कमी केले आणि जुडीवर हिरव्या, आवळ्याहून लहान फळांची एक मूठ ठेवली.

"ह्ये काकडं. धा रुपये."

मी हसलो. हे हसू मी मॉलमध्ये कमावलेलं आहे. शाम्पूबरोबर कंडिशनर, चपलांबरोबर पॉलिश, सगळीकडे हीच युक्ती. पाच रुपये सोडायचे आणि दहाचं गळ्यात मारायचं! "काकडं नकोत, नुसती शेवळं द्या," मी ठामपणे म्हणालो.

"आरं दादा, काकडं घे. नायतर घशात खाजल."

"मी बघतो काय ते."

मावशीने शेजारणीकडे पाहिलं. शेजारणीने माझ्याकडे. मग दोघींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, माझा व्यवहार चोख असल्यामुळे त्या ओशाळल्या.

परतीच्या गाडीत मी मोबाईलवर शेवळाचं सगळं कुळ वाचून काढलं. सुरणाचं भावंड. सुमात्रातलं ते माणसाहून उंच, कुजक्या मांसासारखा वास सोडणारं जगप्रसिद्ध फूल याच गोतावळ्यातलं. आपण खातो तो न उमललेला कळा. तो उमलला तर वास यालाही येतो. आणि या सगळ्या गोतावळ्याच्या अंगात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईच्या आकाराचे सूक्ष्म स्फटिक असतात. त्यानेच खाज येते. हे वाचून मी अजिबात डगमगलो नाही. मी विज्ञान शाखेचा. उष्णतेपुढे काही टिकत नाही, हे मला ठाऊक होतं. प्रेशर कुकरच्या चार शिट्ट्या काढायचं मी वाशिंदच्या आधीच ठरवून टाकलं.

त्या रात्री सोसायटीचे सेक्रेटरी आणि खजिनदार यांना मी जेवायला बोलावलं. ज्ञान एकट्याने खाऊ नये. दुसऱ्या दिवशी सर्वसाधारण सभा होती आणि पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीची वर्गणी वाढवण्यावरून हे दोघे विरुद्ध बाकीचे, असा जुना संग्राम होता. मी बाकीच्यांतला.

शेवळं साफ करताना बाहेरचं वेष्टन सोललं. आतल्या दांड्याच्या बुडाशी पिवळसर दाणेदार भाग होता. तो इतका देखणा, की सगळं सत्त्व इथेच असणार, हे कुणीही सांगितलं असतं. तो मी जपून ठेवला आणि वरचा भाग थोडा कमी घेतला. हात खाजले. कष्टाची सवय नाही, दुसरं काय. कोलंबी, कांदा, भरपूर खोबरं, मसाला. वास असा सुटला की बायकोही स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली. "त्या बाईने आणखी काही दिलं नव्हतं का बरोबर?" तिने विचारलं. "देत होती, मी घेतलं नाही," मी अभिमानाने सांगितलं. तिने ताटात स्वतःसाठी वरणभात वाढून घेतला.

पहिला घास अप्रतिम होता, हे आजही शपथेवर सांगेन. खजिनदार 'वा' म्हणाले. 'वा' नंतर ते काहीतरी बोलणार होते, पण थांबले आणि गळा चोळू लागले. सेक्रेटरींनी पाणी मागितलं. मग आणखी पाणी. मी यजमान, म्हणून घास चालू ठेवला आणि जिभेच्या मुळापासून खाली सगळीकडे टोचायला लागलं. ते स्फटिक सुईच्या आकाराचे असतात, हे वाचणं आणि ते मोजता येणं यांत बराच फरक आहे. बायकोने एकेकाला आमसूल चोखायला दिलं, मग ताक, मग गूळ. बारा वाजता आम्ही तिघे सोफ्यावर ओळीने बसून खाकरत होतो आणि टीव्हीवर आवाज बंद करून क्रिकेट चालू होतं.

दुसऱ्या दिवशीच्या सभेत इतिहास घडला. अध्यक्षांनी टाकीचा ठराव वाचला. सेक्रेटरी समर्थनाचं भाषण करायला उठले, घोगरा आवाज काढून बसले. विरोधाची धुरा माझ्याकडे होती. मी उठलो, दोन्ही हात हलवले. अध्यक्षांनी ते अनुमोदन समजून नोंदवून घेतलं. वर्गणीवाढ एकमताने मंजूर झाली.

सभेनंतर वरच्या मजल्यावरच्या सीकेपी काकू आमच्याकडे आल्या. शेवळं हा त्यांच्या घरचा वर्षाचा सोहळा. शेवळाची कणी त्यांच्याकडे जूनमध्ये झाल्याशिवाय पावसाळा लागत नाही. त्यांनी कचऱ्याच्या डब्यात डोकावून पाहिलं.

"पिवळं कुठाय? ते टाकायचं असतं."

मी पोटाकडे बोट दाखवलं.

"आणि काकडं? काकडं वाटून त्यांचा आंबट रस घालायचा. त्याशिवाय शेवळं कोण शिजवतं? काकडं नसलीच तर बोंडाऱ्याचा पाला तरी. त्या बायका म्हणून तर दोन्ही बरोबर विकतात." मग एकदम त्यांचे डोळे चमकले. "सेक्रेटरी आणि खजिनदार जेवायला होते म्हणता? अहो, मग आधी सांगायचं ना! पण तुम्ही स्वतः कशाला खाल्लीत?"

आजही आमच्या विंगमध्ये माझी ख्याती एक थंड डोक्याचा कारस्थानी म्हणून आहे. मी ती खोडून काढलेली नाही.

जुलैची भारंगी मी फारशी रंगवत नाही. भारंगीचा कोवळा पाला उकडून कडू पाणी पिळून टाकायचं असतं. पण पाण्यातच जीवनसत्त्वं असतात, हे शाळेत शिकवलेलं मी कसं विसरणार? ते पाणी मी भाजीत परत ओतलं. माहुलीच्या पायथ्याशी स्वतःच्या हाताने खुडलेला टाकळाही असाच. तो पहिल्या पावसात कोवळा असताना खुडायचा असतो. मी तो भरदार, गुडघाभर उंच पाहून घेतला. चावायला रविवार गेला.

तोवर बायकोने आसनगावच्या मावशीचा मोबाईल नंबर मिळवला होता. शुक्रवारी फोन व्हायचा, शनिवारी मी पिशवी घेऊन जायचो, मावशी पिशवी भरायची आणि मला एक अक्षरही विचारायची नाही. कंटोळी आली, कुर्डू आला, कवळी लोत चिंचेसह आली. सगळं उत्तम झालं, कारण सगळं बायकोने केलं.

ऑगस्टमध्ये, जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास, कृषी खात्यातर्फे ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरतात. आम्ही अशाच एका महोत्सवाला गेलो. बायको मावशीशी बोलत असताना एका तरुण जोडप्याने भारंगीची जुडी उचलली आणि 'ही कशी करायची' असं एकमेकांना विचारलं. आता माझ्याइतकं या विषयात पोळलेलं तिथे कोण होतं? मी पुढे झालो. कडू पाणी पिळणं, शेवळातला पिवळा भाग, काकडांचा आंबटपणा, कॅल्शियम ऑक्झॅलेट. बोलता बोलता भोवती माणसं जमली. मागून एकाने विचारलं, "साहेब, भातावर करपा आलाय, काय मारू?" दुसऱ्याने पीकविम्याचे पैसे कधी येणार ते विचारलं. तिसऱ्याने हातात अर्ज दिला. मी खिशातून पेन काढलं, ही माझी आणखी एक जुनी सवय.

"साहेब," स्टॉलवरच्या एका ताईंनी हाक मारली, "टेंपो आलाय. माणसं सांगितली होती ती कुठंयत?"

गर्दीने माझ्याकडे पाहिलं. मी बायकोकडे पाहिलं. तिने शांतपणे माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. मग मी बाह्या सरसावल्या आणि मंडपातल्या सतरंज्या, टेबलं आणि 'रानभाज्या खा, निरोगी राहा' असा फलक टेंपोत चढवला. शेवटचं टेबल आत जाईपर्यंत मावशीने बायकोला कंटोळ्यांचा एक वाटा जास्तीचा दिला. पैसे घेतले नाहीत.

"साहेबांच्या मजुरीचे," ती म्हणाली.