दहा किलोमीटरचा धूर

लातूरकरांनो, नांदेडकरांनो, मोकळा श्वास घ्या. परळीच्या औष्णिक वीज केंद्राचा धूर तुमच्यापर्यंत येत नाही, हे आता गॅझेटातच ठरलं आहे. म्हणजे येत असला, तरी कायद्यानं येत नाही.

डिसेंबर २०१५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं फर्मान काढलं की, कोळशावरच्या वीज केंद्रांनी दोन वर्षांत धुरातला सल्फर डायऑक्साइड आटोक्यात आणावा. त्यासाठी चुनखडीच्या पाण्यानं धूर धुणारं यंत्र बसवायचं. २०१७ उलटलं, धूर पारोसाच. मग मुदतवाढ. २०२१ मध्ये केंद्रांचे अ, ब, क असे वर्ग पाडून नव्या तारखा दिल्या, त्याही दोनदा पुढे सरकल्या. शेवटी जुलै २०२५ मध्ये मंत्रालयालाच तारखांचा कंटाळा आला आणि क वर्गाला सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादेतून सूट मिळाली. देशातली पाऊणहून अधिक केंद्रं याच वर्गात आहेत. पाऊण पोरं नापास होत असतील तर परीक्षाच रद्द करावी, हे शिक्षण खात्याला अजून सुचलेलं नाही.

वर्ग ठरवणं सोपं आहे. केंद्राभोवती १० किलोमीटरचं वर्तुळ मारायचं. आत दिल्लीचा परिसर किंवा दहा लाख वस्तीचं शहर आलं तर अ. अतिप्रदूषित पट्टा किंवा हवा खराब म्हणून नोंदलेलं शहर आलं तर ब. उरलेले सगळे क. लातूर हे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीतलं, म्हणजे खराब हवेचा सरकारी दाखला मिळवलेलं शहर. पण परळीपासून रस्त्यानं साठेक किलोमीटरवर, म्हणून दाखला बाद आणि परळी क वर्गात. नांदेडला तर दाखलाही नाही.

सुटीला एक अट मात्र आहे, चिमणी ठरलेल्या उंचीची हवी. उंच चिमणीचं काम काय? धूर गावावर न पाडता लांब भिरकावणं. म्हणजे एका कलमानं धूर लांब धाडायचा आणि दुसऱ्या कलमानं फक्त जवळपासचं मोजायचं! सल्फर डायऑक्साइडचे हवेत सल्फेटचे बारीक कण होतात आणि ते शेकडो किलोमीटर जातात, असं शास्त्रज्ञ सांगतात. आषाढात वारा नैर्ऋत्येकडून येऊन नांदेडची वाट धरतो, पौषात ईशान्येकडून फिरून अंबाजोगाई-लातूरच्या अंगानं निघतो. पण वाऱ्यानं गॅझेट कुठं वाचलंय?

राखेचा न्याय वेगळा. त्याच मंत्रालयाचा २०२१ च्या अखेरचा नियम सांगतो की, वीज केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या टापूतल्या रस्त्यांनी आणि बांधकामांनी तिथली राख वापरावी. टिपरमधली राख ३०० किलोमीटर जाते, हे दिल्लीला मान्य. वाऱ्यावर बसलेला धूर मात्र दहाव्या किलोमीटरला उतरतो. त्याला डिझेल परवडत नसावं.

वैजनाथाच्या परळीत या धुराला खराखुरा लगाम घातला तो दुष्काळानं. २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाणी संपलं, केंद्र बंद पडलं, चिमण्या गप्प. पुढच्याच वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. थोडक्यात, धरण भरलं की धूर प्या, आटलं की टँकरची वाट पाहा. हवा आणि पाणी दोन्ही एकाच वर्षी मागणं हा मराठवाड्याचा हावरटपणाच.

तरीही उपाय सुचवतो. बीड, परभणी, लातूर, नांदेड मिळून एक हवा आयुक्तालय काढावं. चिमणी कुणाच्याही जिल्ह्यात असो, धूर जिथवर पोचतो तिथवर मोजण्याचा आणि केंद्राला जाब विचारण्याचा अधिकार त्याला द्यावा. वारा देगलूरवरून तेलंगणात आणि उदगीरवरून बिदरला जातो, तेव्हा शेजारच्या दोन राज्यांनाही तिथं खुर्ची ठेवावी.

धोका एकच आहे. महसूल आयुक्तालय नांदेडला की लातूरला, हा वाद २००९ पासून धुमसतोय. हवा आयुक्तालयाचं मुख्यालय कुठं, असं कुणी नुसतं विचारलं तरी दोन्ही शहरांत बंद, रास्ता रोको आणि भर चौकात टायरांची होळी. त्या टायरांवर प्रदूषणाचा गुन्हा मात्र तासाभरात नोंदवला जाईल. ते १० किलोमीटरच्या आत असतील ना!